एक जोड न घालायचा

शिरोलीच्या फाउंड्रीत मी लाकडाचे पॅटर्न करतो.
लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून पॅटर्न मुळातच वाढीव धरायचा,
फुटामागं एक सूत.
एकतीस वर्षांत हे गणित चुकलेलं नाही.

काल जेवणं आटोपल्यावर फरशीवर सगळं मांडलं.
युरियाची रिकामी पोती दोन, धुऊन वाळवलेली.
जळवांसाठी तंबाखूची पूड, फडक्यात पुरचुंडी करून.
काडेपेटी डबीत, डबी पिशवीत, पिशवी पिशवीत.
रेनकोट. रेनकोट फाटला तर सुईदोरा.
सुईदोरा भिजला तर,
इथं मी थांबलो.
दुर्बिणीच्या डब्यात मूठभर तांदूळ, ओल शोषायला.
हेमलता उंबऱ्यातून बघत होती.
म्हणाली, "तांदूळ परत आणणार न्हवं?"

मोबाइल म्हणाला, निरभ्र.
तासाभरानं म्हणाला, गडगडाट.
मग दाजीपूरला बमू झोऱ्यांना फोन लावला.
दिवाळी सरली, जंगल उघडून आठ दिवस झाले,
आता तर पाऊस नसणार ना?
पलीकडं बराच वेळ नुसती म्हैस हंबरली.
"मला काय इचारता, मी काय ढग हाय?
मोजं आणा दोन जोड.
एक घालायचा.
एक न्हाई घालायचा."
दुसरा कशाला मग?
"हाय म्हणून कळाय."

पहाटे रंकाळा स्टँडवरून गाडी धरली.
राधानगरीपर्यंत ऊस, उसावर ऊन,
पोती मांडीवर घेऊन बसलो होतो ते बघून
शेजारचा म्हणाला, खत कुठलं घेता?

सावराई सड्यावर ऊन तापलं, रेनकोट काढला.
खाली झाडीत शिरलो, टपटपलं, घातला.
पाऊस नव्हताच तो,
कधीतरी पडून गेलेला, पानांनी धरून ठेवलेला
आता सवडीनं सोडत होती.
काढला.
मग खरा आला.
बमूंनी घोंगडीची खोळ केली आणि कारवीच्या आडाला उकिडवे बसले,
त्यांना काही काढायचं नव्हतं, घालायचं नव्हतं.
मी एका बाहीत.

आणि मग पाऊसही गेला
आणि कोकणाच्या बाजूनं कड्यावरून
धुकं वर आलं.

पाण्यासाठी होतं माझ्याकडं. उन्हासाठी होतं.
जळवांसाठी, काट्यांसाठी, काळोखासाठी बॅटरी होती.
धुक्यासाठी काही नव्हतं.
आधी समोरचा अंजन गेला, मग बमू गेले,
मग माझा हात कोपरापासून पुढं विरळ झाला.
दुर्बीण डोळ्याला लावली,
पांढरं जरा जवळ आलं, इतकंच.

"हलू नगा," बमूंचा आवाज, कुठून तरी.

श्वास ऐकू आला.
माझा नव्हे. भात्यासारखा,
आमच्या जुन्या भट्टीचा असायचा तसा,
आत घेताना लांब, सोडताना थोडका, ओला.
गवताचा, शेणाचा, भिजल्या चामड्याचा वास.
किती लांब? दहा फूट? पाच?
मी, जो डोळ्यानं अर्धा सूत ओळखतो,
मला सांगता येईना.
एक खूर चिखलातून निघाल्याचा आवाज झाला.
मग दुसरा, ह्या बाजूला की त्या?
बुटात पाणी होतं, बोटं गारठलेली,
आणि पाठीवरच्या पोत्यात, पिशवीत, पिशवीत
तो न घातलेला जोड
मला नेमका कुठं आहे ते ठाऊक होतं.

धुकं निवळलं तेव्हा गवत उभं राहत होतं,
एकेक पातं, दबल्या जागेतून.
"मोठा हुता," बमू म्हणाले, आणि तंबाखू मागितली.
पुरचुंडी दिली. निम्मी तिथंच संपली.

परतीच्या गाडीत ओल्या पायांनीच आलो.
हेमलतानं आधी डबा उघडला.
तांदूळ बोटांत मोडून बघितले,
काही न बोलता निवडले
आणि रात्रीच्या भातात टाकले.
भाताला किंचित चामड्याचा वास होता.
पोरांनी ताट सरकवलं.
मी दोनदा वाढून घेतला.